कर्नलमधल्या ओळीचे कारण

डहाणू रोड ते बोईसर हे लोकलने वीसेक किलोमीटरचे अंतर, मध्ये वाणगाव हे एकच स्टेशन. चिकूच्या वाड्या, मिरचीची शेते, किनाऱ्याकडच्या गावांत घरोघर डायमेकिंग. सॉफ्टवेअर उद्योगाचा इथे मागमूस नाही. तरी या पट्ट्यातल्या माणसाचा दिवस भलत्याच कुणीतरी, भलतीकडेच लिहिलेल्या कोडवर चालतो. लोकलच्या मोटारींवर ताबा ठेवणारी यंत्रणा, घराबाहेरचा वीजमीटर, मच्छीमाराच्या बोटीवरचा जीपीएस, डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रातली नियंत्रण यंत्रणा आणि दक्षिणेला चिंचणीच्या पलीकडे तारापूरचे अणुवीज केंद्र, सगळीकडे तो आहे.

यातला कळीचा भाग पडद्यावर कधी दिसत नाही. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कुणाला किती, प्रोसेसर कुणाला कधी, कुठल्या उपकरणाशी कुणी बोलायचे, हे तो ठरवतो. फर्मवेअर त्याच्याही खाली, यंत्राच्या चिपमध्येच बसवलेले. दोघांचेही आयुष्य लांब. मोबाइलवरचे ॲप दर महिन्याला बदलते. वीजमीटरमधला कोड मात्र मीटर भिंतीवर आहे तोवर राहतो, आणि अणुभट्टीतला कोड दशकानुदशके. तेवढ्या काळात लिहिणारा निवृत्त होतो, कंपनी विकली जाते, ती चिप बाजारात मिळेनाशी होते. मागे उरतो सोर्स कोड आणि त्यासोबतचे कागद. म्हणूनच कोड कसा लिहायचा आणि त्याच्याबद्दल काय लिहून ठेवायचे, याचे नियम या क्षेत्रात कडक आहेत आणि त्यांवरून वादही भरपूर आहेत. या नियमांकडे पाहताना माझे एक मत झाले आहे, ते आधीच सांगतो. वाद रंगतात ते कोड दिसतो कसा यावरून. मोठे अपघात तपासले की मात्र बहुतेकदा वेगळीच उणीव सापडते: एखादी ओळ का लिहिली, हे कुठेच नोंदवलेले नसते, किंवा नोंदवलेले असूनही गरजेच्या वेळी सापडत नाही.

दिसण्याच्या नियमांचा सगळ्यात प्रसिद्ध दस्तऐवज लिनक्स कर्नलचा. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने तो लिहिला आणि त्याचा सूर अजून त्याचाच आहे. सुरुवातीलाच तो सांगतो की जीएनयू प्रकल्पाच्या कोडिंग नियमांची प्रत छापून घ्या, वाचू नका, जाळून टाका. मग नियम येतात. प्रत्येक पातळीला आठ अक्षरांचा टॅब. आठांनी कोड फार उजवीकडे सरकतो अशी तक्रार असेल, तर दोष टॅबचा नाही. तीनपेक्षा जास्त पातळ्या लागत असतील तर तुमची रचनाच चुकली आहे, ती आधी दुरुस्त करा. फंक्शन एका किंवा दोन स्क्रीनवर मावेल एवढे असावे. फंक्शनमधली स्थानिक नावे आखूड चालतील, पण सगळ्या कर्नलला दिसणारे नाव अर्थपूर्ण हवे. कॉमेंटमध्ये कोड काय करतो ते सांगा, कसे करतो ते समजावत बसू नका, कारण ते समजावावे लागत असेल तर कोड वाईट आहे. ओळीच्या रुंदीची ८० अक्षरांची मर्यादा जुन्या टर्मिनलच्या काळातली. पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, तपासणाऱ्या ‘चेकपॅच’ स्क्रिप्टने ती २०२० मध्ये १०० वर नेली. तेव्हा झालेली चर्चा पाहिली तर वाटावे, घटनादुरुस्तीच चालली आहे.

गाडी बनवणाऱ्यांचे शास्त्र याच्या उलट. ब्रिटनच्या मोटार उद्योगाने १९९८ मध्ये मिस्रा सी ही नियमावली काढली. पुढे २००४ आणि २०१२ मध्ये तिच्या नव्या आवृत्त्या आल्या. पुण्यातल्या ज्या कंपन्यांत गाड्यांच्या कंट्रोल युनिटसाठी सी भाषेत कोड लिहिला जातो, तिथे नव्या इंजिनिअरला आधी मिस्रा शिकावी लागते. आता हे दोन ग्रंथ शेजारी ठेवा. लिनक्स म्हणतो, ‘इफ’खाली एकच विधान असेल तर महिरपी कंस घालू नका, उगाच ओळी वाढतात. मिस्रा म्हणते, एक विधान असो वा दहा, कंस घालाच. लिनक्स सांगतो की चूक आढळल्यावर घेतलेली मेमरी आणि कुलपे उलट्या क्रमाने सोडून बाहेर पडायला ‘गोटू’ वापरा, तोच मार्ग सगळ्यात स्वच्छ. मिस्राचा सल्ला: ‘गोटू’ नको, आणि फंक्शनला बाहेर पडायचा दरवाजा एकच असावा. चालत्या यंत्रात गरजेप्रमाणे मेमरी मागून घेणे लिनक्सचे रोजचे काम, मिस्रात ते निषिद्ध. दोन्हीकडची माणसे शहाणी आहेत आणि दोघांचेही यंत्र चालते.

मग बरोबर कोण? याचे उत्तर वाचणारा कोण, यावर ठरते. लिनक्सचा पॅच शेकडो अनुभवी डोळ्यांसमोरून जातो. तिथे नियमाचा हेतू वाचणाऱ्याचा वेळ वाचवणे हा आहे. गाडीच्या कोडकडे पाहणारे मोजकेच असतात, उरलेली तपासणी यंत्र करते. तिथे नियमाचा हेतू यंत्राला पकडता येईल असा कोड लिहायला लावणे हा आहे. कंसांच्या वादात मला मिस्राची बाजू पटते, आणि त्याला कारण २०१४ चे आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडल्याचे उघड झाले. वरच्या ‘इफ’ला कंस नव्हते, त्यामुळे दुसरी ओळ बिनशर्त चालत होती आणि पुढची सही तपासली जातच नव्हती. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या असल्याने वाचणाऱ्याच्या डोळ्याला सगळे ठाकठीक दिसत होते. गंमत म्हणजे दोन्ही पंथ यावर आपापला विजय सांगतात. मिस्रावाले म्हणतात, कंस असते तर वाचला असता. लिनक्सवाले म्हणतात, नीट रिव्ह्यू झाला असता तर वाचला असता.

बाकीची घराणी आपापल्या जागी. छोट्या चिपवर चालणाऱ्या फ्रीआरटीओएसमध्ये नावाच्या पहिल्या अक्षरावरून प्रकार कळतो. फंक्शन काही परत देत नसेल तर नाव ‘व्ही’ने सुरू होते. टोरवाल्ड्सच्या दस्तऐवजात नेमक्या याच पद्धतीची खिल्ली उडवलेली आहे. संगणक सुरू होताना चालणाऱ्या युईएफआय फर्मवेअरचा ईडीके टू हा कोड मोठ्या अक्षरांनी जोडलेल्या लांब नावांचा, दोन अक्षरांच्या इंडेंटचा, प्रत्येक फंक्शनवर ठरावीक साच्याची कॉमेंट असलेला. फ्रीबीएसडीने आपले लेखननियम थेट संदर्भपुस्तिकेतच एक पान म्हणून ठेवले आहेत, म्हणजे नियम यंत्रासोबतच येतात. एखाद्या प्रकल्पात दोन घराण्यांचा कोड एकत्र आला की तो वाचवत नाही, एवढाच यातला व्यावहारिक धडा. कुठलेही घराणे चालते, पण एकच.

खरा गुंता कारणाचा. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात, जेमतेम ४० सेकंदांत नष्ट झाले. दिशा सांगणाऱ्या संगणकातला कोड एरियान ४ वरून जसाच्या तसा घेतला होता. त्यात एका ठिकाणी ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवली जात होती. नवे रॉकेट वेगवान, त्यामुळे संख्या मोठी आली, मावली नाही आणि संगणक बंद पडला. अशा धोक्याच्या सात संख्या इंजिनिअरांनी आधीच शोधल्या होत्या. त्यांपैकी चारांना संरक्षण दिले, तीन मुद्दाम उघड्या ठेवल्या. कारण प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि एरियान ४ च्या मार्गावर या तीन संख्या वाढणे शक्यच नव्हते. निर्णय अविचाराने घेतलेला नव्हता. पण चौकशी समितीने नोंदवले की या निर्णयाचे समर्थन सोर्स कोडमध्ये कुठेच नव्हते. प्रकल्पाच्या कागदांच्या प्रचंड ढिगात ते असून नसल्यासारखे झाले होते. कोड नव्या रॉकेटवर गेला, त्यामागचे गृहीतक मागे राहिले. कागद कमी पडले म्हणून हे घडले नाही. कागद इतके होते की हवा तो सापडला नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला थेरॅक-२५. कॅनडाच्या एईसीएल या सरकारी कंपनीचे हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात सहा रुग्णांना त्यातून भयंकर जास्त मात्रा मिळाली, काहींचा त्यात मृत्यू झाला. यंत्राचा सगळा कोड, त्यात वेळ वाटून देणारा घरचाच छोटा कर्नलही आला, एका माणसाने असेंब्ली भाषेत काही वर्षांत लिहिला होता. विकास चालू असताना लिहिलेला दस्तऐवज नावापुरता. ऑपरेटरने आकडे भराभर दुरुस्त केले तर एकाच वेळी चालणारी दोन कामे एकमेकांच्या पायांत येत. एका ठिकाणी एका बाइटचा आकडा दर २५६ व्या फेरीला शून्य होई आणि सुरक्षा तपासणी टळे. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच दिसे. ऑपरेटरच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ नव्हता. अशी सूचना दिवसातून अनेकदा येई आणि एक बटण दाबून पुढे जाता येई, म्हणून माणसे पुढे जात राहिली. यानंतर यंत्राच्या कोडला कागद नसणे ही नुसती गैरसोय मानली गेली नाही, तो धोका ठरला. वैद्यकीय उपकरणांचे कायदे लिहिणाऱ्यांनी हे प्रकरण कायमचे ध्यानात ठेवले.

एईसीएलचे नाव भारतात वेगळ्या कारणाने माहीत आहे. राजस्थानात रावतभाट्याची पहिली जड पाण्याची अणुभट्टी याच कंपनीच्या मदतीने उभी राहिली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने हात काढून घेतला आणि पुढचे काम भारतीय अभियंत्यांनी आपल्या बळावर केले. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या याच वंशाच्या, पण २२० वरून ५४० मेगावॉटवर नेलेल्या. १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अमेरिकी, उकळत्या पाण्याच्या. चौथी भट्टी मार्च २००५ मध्ये आणि तिसरी मे २००६ मध्ये प्रथम कार्यान्वित झाली. या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, हेही इथे सांगायला हवे. या प्रकल्पाबद्दल बाहेर जे लिहिले जाते, त्यात विस्थापन येते ते एखाद्या ओळीत, आणि आत चालणाऱ्या संगणकांबद्दल तेवढेही येत नाही.

भट्टीची ताकद नियंत्रित करणारी यंत्रणा दोन संगणकांवर चालते. एक काम करतो, दुसरा तयार उभा असतो. पहिला अडखळला तर दुसरा ताबा घेतो. मोजमापाच्या मर्यादा ओलांडल्या की नाही, हे तपासणाऱ्या यंत्रणेतही प्रोग्रॅम आहे. ऑपरेटरला माहिती दाखवणारी यंत्रणा वेगळी. अशा कोडसाठी काय लिहून ठेवायचे, यावर जगातला सगळ्यात मोठा वाद तारापूरच्या आधी कॅनडातच झाला होता. ओंटारिओतल्या डार्लिंग्टन केंद्रात भट्टी बंद करणारी यंत्रणा प्रथमच सॉफ्टवेअरवर गेली, आणि नियामक संस्थेला हा कोड सुरक्षित आहे असे म्हणायला आधारच सापडेना. सल्लागार डेव्हिड पार्नास यांनी सांगितले की आधी गरजा गणिती तक्त्यांत मांडा: कुठल्या परिस्थितीत कुठले उत्तर यावे, एकही रकाना रिकामा न ठेवता. मग कोडचे तसेच तक्ते बनवा आणि दोन्ही ओळीओळीने ताडून पाहा. हे काम महाग पडले, कंटाळवाणे झाले आणि केंद्राला उशीर झाला. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली: गद्यात लिहिलेल्या गरजेत फटी राहतात, तक्त्यात त्या दिसतात. याच पार्नास यांनी १९८६ मध्ये पॉल क्लेमंट्स यांच्यासोबत एक निबंध लिहिला होता. विचारपूर्वक, पायरीपायरीने केलेली रचना प्रत्यक्षात कुणाकडूनच होत नसते. पण दस्तऐवज मात्र तशीच झाली असे समजून लिहावा, असा त्याचा मथितार्थ. वरवर ढोंगाचा सल्ला वाटतो. वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो अगदी योग्य आहे. त्याला तुमच्या चुकांचा प्रवास नको असतो, शेवटी ठरलेली रचना आणि ती का ठरली, एवढे हवे असते.

भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने जड पाण्याच्या भट्ट्यांमधल्या संगणक यंत्रणांसाठी डी-२५ हा मार्गदर्शक २०१० मध्ये काढला. यंत्रणेचे सुरक्षेच्या महत्त्वानुसार वर्ग पाडायचे. गरजांचा दस्तऐवज आधी, मग रचनेचा, त्यानंतर कोड. आणि प्रत्येक पायरीची पडताळणी लिहिणाऱ्यांपासून स्वतंत्र असलेल्या माणसांनी करायची. लिनक्सचा इंजिनिअर हे वाचून कपाळाला हात लावेल. पण तो चुकीचे यंत्र डोळ्यांसमोर आणत असेल. भट्टीतला कोड वर्षानुवर्षे तोच राहतो, त्यामुळे कागद जुना होण्याचा धोका कमी. लिनक्समध्ये दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि त्यात हजारो बदल असतात. कोडपासून दूर ठेवलेला कागद तिथे पुढच्या आवृत्तीतच खोटा ठरतो.

कागद आणि कोड यांतले हे अंतर मिटवण्याचा एक प्रयत्न मुंबईतच झाला, आणि तो जेवढा माहीत व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या बबिता शर्मा आणि एस. डी. धोडपकर यांनी आयआयटी मुंबईच्या एस. रमेश यांच्यासोबत ‘एस’ नावाचे साधन बनवले आणि २००२ मध्ये त्याबद्दल लिहिले. मिस्राच्या चौकटीतला सी कोड घ्यायचा. फंक्शनच्या आधी काय खरे असले पाहिजे आणि नंतर काय खरे असेल, हे कॉमेंटमध्येच ठरावीक भाषेत लिहायचे. साधन त्या कोडचे रूपांतर करून स्टॅनफर्डच्या सिद्धता तपासणाऱ्या प्रणालीकडे देते, आणि कॉमेंट खरी की खोटी ते कळते. कॉमेंट ही आतापर्यंत विश्वासावर घ्यायची गोष्ट होती, इथे ती सिद्ध करायची गोष्ट झाली. पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरनेही गाड्यांच्या कोडचे यंत्राकडून विश्लेषण करण्यात बरीच वर्षे घालवली आहेत. या वाटेचे टोक २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात गाठले गेले. एसईएल४ या छोट्या कर्नलच्या सुमारे ८,७०० ओळींच्या सी कोडची संपूर्ण गणिती सिद्धता झाली. सिद्धतेच्या ओळी दोन लाखांच्या घरात. एका ओळीमागे वीसेक ओळींचे समर्थन! लिनक्सच्या चार कोटी ओळींच्या आसपास गेलेल्या पसाऱ्याला हा हिशेब लावणे अशक्य आहे, आणि तसे कुणी सुचवतही नाही.

लिनक्सने कारण सांभाळायची आपली पद्धत काढली, आणि तिच्या कथेत एक पुणेकर आहे. कर्नल चालू असताना थांबवून आत डोकावण्यासाठी केजीडीबी हा डीबगर. लिनसिससॉफ्ट या पुण्यातल्या कंपनीचे अमित काळे यांनी तो अनेक वर्षे सांभाळला, पण मुख्य कर्नलबाहेर, वेगळ्या पॅचच्या रूपात. कारण टोरवाल्ड्सचा डीबगरला विरोध होता. २००० मध्ये त्याने उघडच सांगितले की डीबगर हाताशी असला की माणसे लक्षण पाहून ठिगळ लावतात. आपल्याला कोड वाचून समजून घेणारे लोक हवेत. केजीडीबी मुख्य कर्नलमध्ये आला तो २००८ मध्ये, २.६.२६ या आवृत्तीत, आणि तेव्हा त्याला पुढे नेणारे हात वेगळे होते. हा विरोध मला अतिरेकी वाटतो. रात्री दोनला बंद पडलेल्या सर्व्हरसमोर बसलेल्या माणसाला वाचनाचा उपदेश ऐकायचा नसतो. पण त्या हट्टाचा एक फायदा झाला. वाचूनच समजायचे असेल तर वाचण्यासारखे लिहावे लागते, आणि लिनक्सची सगळी शिस्त त्याभोवती वाढली.

या शिस्तीचे केंद्र कॉमेंट नाही, पॅचसोबतचा संदेश आहे. २००५ मध्ये बदलांची नोंद ठेवणारी गिट ही प्रणाली आल्यापासून प्रत्येक बदल त्याच्या संदेशासह कायमचा राहतो. बदल काय केला हे कोडमध्ये दिसतेच. संदेशात आधी अडचण काय होती, कुणाला दिसली, हाच उपाय का, हे हवे. जुन्या बदलातली चूक सुधारत असाल तर ‘फिक्सेस’ या खुणेसह त्या बदलाचा क्रमांक द्यायचा. २००४ पासून प्रत्येक पॅचवर ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची सही लागते, कारण आदल्या वर्षी एससीओ कंपनीच्या दाव्यानंतर कोड आला कुठून हे सिद्ध करायची वेळ आली होती. दहा वर्षांपूर्वीच्या ओळीवर बोट ठेवून ‘ही कुणी, कधी, कशासाठी लिहिली’ असे विचारले तर उत्तर मिळते. एरियानच्या कागदांच्या ढिगात नेमके हेच हरवले होते.

आणि जिथे कारणाविना कोड धोकादायक होतो, तिथे लिनक्सही कॉमेंटची सक्ती करतो. प्रोसेसर मेमरीतले वाचन-लेखन मागेपुढे करतो. ते रोखणाऱ्या सूचनेला मेमरी बॅरियर म्हणतात. अशी सूचना कॉमेंटशिवाय आली की चेकपॅच कुरकुरतो: हा अडथळा कुणाविरुद्ध आणि त्याचा जोडीदार कुठे, ते लिहा. बॅरियरबद्दलचा लांबलचक दस्तऐवज बरीच वर्षे गद्यात होता आणि आपण प्रमाणग्रंथ नाही असे स्वतःच बजावत होता. २०१८ मध्ये त्याच नियमांचे औपचारिक, यंत्राला चालवता येणारे रूप कर्नलमध्ये आले. एआरएम चिपच्या हजारो बोर्डांचे वर्णन आधी सी कोडमध्ये होते. २०११ मध्ये त्या गोंधळावर टोरवाल्ड्स भडकला, मग वर्णन डिव्हाइस ट्री या माहितीच्या फायलींत गेले, आणि त्या फायलींचा अर्थ सांगणारे दस्तऐवजही आता अशा साच्यात लिहावे लागतात की यंत्र त्यांविरुद्ध फाइल तपासते. रस्ट भाषा २०२२ च्या शेवटी कर्नलमध्ये आली ती एक रूढी घेऊन. ‘अनसेफ’ म्हणून सोडलेल्या प्रत्येक तुकड्यावर तो सुरक्षित का आहे, याची ‘सेफ्टी’ कॉमेंट हवी. रस्टवरून झालेल्या भांडणांत एक खरा मुद्दा होता. जुन्या सी कोडमधल्या फंक्शनचे नेमके वचन काय, कुलूप कुणी धरायचे, मेमरी कुणी सोडायची, हे अनेक ठिकाणी मेंटेनरच्या, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याच्या, डोक्यातच होते. दुसऱ्या भाषेत ते मांडायची वेळ आली तेव्हा कुठे ते उघडे पडले.

भाभा केंद्रातली कॉमेंट आणि कर्नलमधली ही सगळी उदाहरणे एकाच दिशेला जातात. जो कागद यंत्र तपासू शकते, तोच खरा राहतो. लिनक्सने २०१६ पासून आपले सगळे दस्तऐवज स्फिंक्स या एका प्रणालीत आणायला घेतले, फंक्शनवरच्या कॉमेंट त्यात आपोआप जातात, मापदंडाचे नाव चुकले तर इशारा मिळतो. नावाच्या पलीकडचा मजकूर मात्र अजून माणसालाच वाचावा लागतो.

आता आपल्या रुळांकडे. पश्चिम रेल्वेच्या मुंबई–दिल्ली मार्गावर, म्हणजे डहाणूवरून जाणाऱ्या रुळांवर, ‘कवच’ ही टक्कर टाळणारी यंत्रणा आणली जात आहे. इंजिनात संगणक, रुळांत टॅग, स्थानकांत रेडिओ. ती बनवणाऱ्या पहिल्या तीन कंपन्या हैदराबादच्या, आणि एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर चालले पाहिजे. कुणीही आपला कोड दुसऱ्याला दाखवणार नाही. त्यामुळे सगळा भार रेल्वेच्या संशोधन संस्थेने, आरडीएसओने, काढलेल्या स्पेसिफिकेशनवर. तिची चौथी आवृत्ती जुलै २०२४ मध्ये मंजूर झाली. संदेशातला प्रत्येक बिट कशासाठी, वेळ चुकली तर काय करायचे, हे त्यात स्पष्ट नसेल तर दोन कंपन्या दोन अर्थ लावतील, आणि तो फरक कळेल तो रुळांवर. स्मार्ट मीटरचेही तसेच. कोड कंपनीचा, पण मीटरने कसे बोलायचे ते आयएस १६४४४ आणि आयएस १५९५९ या भारतीय मानकांत आहे. कोड बंद, दस्तऐवज खुला, अशी ही व्यवस्था. मला ती बऱ्याच अंशी पुरेशी वाटते, कारण स्पेसिफिकेशन हातात असले की बाहेरचा माणूस यंत्राची परीक्षा घेऊ शकतो.

मतदान यंत्राबाबत मात्र सोर्स कोड बाहेर नाही. कोडची तपासणी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्यायालयाने एक वेगळी वाट दिली: दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी करून खर्च भरला, तर प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची ‘बर्न्ट मेमरी’ उत्पादक कंपन्यांच्या इंजिनिअरांकडून तपासता येईल. डहाणूसारख्या मतदारसंघातला पराभूत उमेदवारही हा हक्क बजावू शकतो. पण चिपमध्ये जे आहे ते मूळ प्रतीशी जुळते, एवढेच यातून कळते. मूळ प्रतीत काय आहे, याचा प्रश्न तिथेच राहतो. कोड उघड केला तर घुसखोरीला मदत होईल, हा युक्तिवाद मला कमकुवत वाटतो. तिजोरीची गुपिते राखणाऱ्या बँकांचे सर्व्हरही उघड्या लिनक्सवर चालतात.

कोड लपवण्याचा एक जुना प्रयोग उलटला होता, आणि त्याचा परिणाम आज सगळे वापरतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा संपूर्ण कर्नल आणि त्यावरचे ओळवार भाष्य विद्यार्थ्यांसाठी छापले. चालू ऑपरेटिंग सिस्टिम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत समजावून देणारे तसे दुसरे पुस्तक नव्हते. सातव्या आवृत्तीच्या परवान्यात एटी अँड टीने कोड वर्गात शिकवायला मनाई केली. पुस्तक मग झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून जगभर फिरले आणि अधिकृतपणे छापले गेले ते १९९६ मध्ये. (एरियानच्या चौकशी समितीचे प्रमुखही लायन्सच, पण ते फ्रेंच गणिती जाक-लुई.) शिकवायला कोड उरला नाही म्हणून अँड्र्यू टॅननबॉम यांनी १९८७ मध्ये मिनिक्स लिहिले, आणि १९९१ मध्ये मिनिक्सवर काम करणाऱ्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने लिनक्स. त्याच सहाव्या आवृत्तीत, एक प्रोसेस थांबवून दुसरी सुरू करण्याच्या जागी, वाचणाऱ्याला हे समजणे अपेक्षित नाही अशा अर्थाची एक प्रसिद्ध कॉमेंट आहे. डेनिस रिची यांनी पुढे कबूल केले की ती उर्मटपणाने लिहिली नव्हती, ‘परीक्षेत येणार नाही’ अशा सुरात लिहिली होती; आणि खरी अडचण अशी की तिथे काय चालले आहे ते त्यांनाही पुरते कळले नव्हते. मला ती कॉमेंट प्रामाणिक वाटते. इथे काहीतरी अवघड आहे, एवढे तरी ती सांगते.

आपल्याकडे विद्यापीठांतून अच्युत गोडबोले यांचे ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स’ हे इंग्रजी पुस्तक मुलांनी वर्षानुवर्षे वाचले आहे. बोईसर आणि पालघरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांना प्रोसेस, शेड्युलिंग, डेडलॉक पाठ असतात. कोड वाचायची सवय मात्र अभ्यासक्रम लावत नाही. परीक्षेत व्याख्या आणि आकृती पुरतात. लिनक्सच्या कामात शिरायचा सगळ्यात सोपा दरवाजा दस्तऐवजांचाच असतो: चुकलेला शब्द, जुना झालेला परिच्छेद, कॉमेंट आणि कोड यांतली विसंगती. कर्नलच्या दस्तऐवजांत भाषांतरांसाठी वेगळा विभाग आहे. त्यात चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिश आहेत, मराठी नाही. तिथे मराठी आणायची तर एकदा भाषांतर करून भागत नाही. मूळ मजकूर बदलला की भाषांतर बदलावे लागते, त्यासाठी त्या भाषेचा मेंटेनर म्हणून कुणाचे तरी नाव लागते, आणि आलेला प्रत्येक पॅच वाचून त्याला विचारावे लागते की हा बदल का केला.